तिसऱ्या केबलची निळी रिंग

खोटेपणा करायला मला फार कष्ट पडले नाहीत. तीन स्क्रू पिळले आणि दोन दिवसांनी एक शब्द बोलले, एवढंच. तेवढ्यावर आमच्या घरात एक धडधाकट माणूस आठ महिने स्वतःला निकामी समजून बसला होता, आणि मी त्याला रोज चहाच्या वेळी धीर देत होते.

तो माणूस म्हणजे माझे काका. वडील गेल्यावर काका-काकूंनी मला वाढवलं आणि शाळा संपल्यावर काकांनी मला आपल्या कामाला बसवलं. काम केबल बनवायचं. घरातल्या विजेच्या नव्हेत, कारखान्यांतल्या जुन्या मशीनच्या. मशीन एकीकडे, त्याचं कंट्रोलचं कपाट दुसरीकडे आणि मधे अंगठ्याहून जाड केबल, तिच्या दोन्ही टोकांना चोवीस-चोवीस पिनांचे गोल कनेक्टर. मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडालेली असते, मशीन मात्र हट्टानं चालत असतं. मग केबल तेलानं फुगते, वळणावर तडकते, आणि कोणीतरी ती पिशवीत घालून आमच्या दाराशी येतो. "आई मेली, आता लेकरू आपल्या पदरात," असं म्हणत काका ती पिशवी घ्यायचे.

घराच्या तळमजल्यावर आमची दोन टेबलं समोरासमोर. मी डावखुरी. काकांच्या समोर बसून शिकले, त्यामुळे त्यांचा उजवा हात जिकडे जाई तिकडेच माझा डावा जाई. आतल्या तारांची जुडी मेणाच्या दोऱ्यानं बांधताना त्यांच्या गाठी उजवीकडे कलत, माझ्या डावीकडे. "तुझी गाठ उलटी, पण सुटायची नाही," असं ते गिऱ्हाइकांसमोर कौतुकानं सांगत आणि मी उगाच लाजत असे.

कामाचे आमचे दोन नियम होते. पहिला रिंगचा. कनेक्टरच्या आत पहिल्या पिनेच्या तारेवर, करणाऱ्यानं आपल्या रंगाच्या प्लास्टिकच्या नळीचा तुकडा ओवायचा. काकांचा निळा, माझा पिवळा. तो सोल्डर करण्याआधीच ओवावा लागतो. एकदा तार पिनेला चिकटली की रिंग घालता येत नाही आणि काढताही येत नाही. वर कव्हर बसलं की ती कोणाला दिसतही नाही. मी नवी असताना विचारलं होतं, मग घालायची कशाला? काका म्हणाले, "लोकांसाठी नाही. उद्या काही बिघडलं तर आपण आपल्याला सापडायला हवं, म्हणून."

दुसरा नियम प्रश्नाचा. गोल कनेक्टर समोरून पाहिला तर पिनांचे आकडे खाचेपासून घड्याळाच्या दिशेनं फिरतात. पण सोल्डर करायचं ते मागून, आणि मागून पाहिलं की तेच आकडे उलटे फिरतात. जुन्या कनेक्टरना मागच्या बाजूला आकडे छापलेले नसतात. आपण नक्की कुठून बघतोय हे विसरलं की संपलं. म्हणून सोल्डरची गन कुठल्याही कनेक्टरला टेकवण्याआधी मोठ्यानं विचारायचं, "तोंड की पाठ?" समोरच्यानं हातातलं काम सोडायचं, वाकून बघायचं आणि उत्तर द्यायचं. उत्तर मिळेपर्यंत गन टेकवायची नाही. बाहेरचा कोणी ऐकत असेल तर त्याला आम्ही दोघं खुळे वाटायचो.

मोज्यांच्या कारखान्यातून तीन केबलींची ऑर्डर आली होती. विणायची तीन मशीन, तिन्हींना एक-एक. दोन काकांनी केल्या. तिसरी माझ्याकडे आली. सकाळी तिचं पहिलं टोक करताना मी विचारलं, "तोंड की पाठ?" काका चष्मा पुसत बसले. आधी एक काच, मग दुसरी, मग पहिली पुन्हा. माझ्या हातात तापलेली गन. मी भडकलेच. म्हटलं, "बावीस वर्षं झाली काका, अजून मला विचारायला लागतं का? मी काय शिकाऊ आहे?"

"मला चाळीस झाली," ते म्हणाले. "मी विचारतो की." आणि वाकून बघून, शांतपणे "पाठ" म्हणाले. त्या शांतपणानं तर माझं डोकं अजूनच फिरलं. एरवीही माझ्या नाकावर राग असतोच, त्या दिवशी तो डोक्यावर जाऊन बसला.

जेवण झाल्यावर काका वर आडवे झाले. दुसरं टोक मी एकटीनंच केलं. विचारलं नाही. विचारायला कोणी नव्हतं हे खरं, पण असतं तरी विचारलं नसतं. पिवळी नळी संपली होती, म्हणून त्यांच्या गुंडाळीतून निळा तुकडा कापला. एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं. तपासलंही मी एकटीनंच, कव्हर लावायच्या आधी, मागच्याच बाजूनं, त्याच मोजणीनं. चुकीच्या मोजणीनं चूक तपासली की सगळं बरोबर निघतं. जोड लागला की वाजणारा मीटर प्रत्येक पिनेला इमानदारीनं वाजला.

चौथ्या दिवशी मोज्यांच्या कारखान्याचा फोरमन आला आणि त्यानं केबल टेबलावर आपटली. तिसऱ्या मशीनच्या कंट्रोलच्या कपाटातलं सर्किटचं कार्ड जळालं होतं. जिथं बारीकसा सिग्नल जायला हवा तिथं मोटरची वीज गेली होती. ते कार्ड आता जगात कुठं मिळत नाही, त्यामुळे मशीन कायमचं गेलं.

काकांनी एका टोकाचं कव्हर उघडलं. नेमकं तेच टोक. निळी रिंग. ते एकदम खाली बसले. म्हणाले, "माझीच आहे."

चष्म्यावर लावायचं भिंग खिळ्याला टांगलेलं होतं. त्यांनी हात लांब केला. भिंगातून त्यांनी एकदा जरी नीट पाहिलं असतं तरी डावीकडे कललेल्या गाठी त्यांना दिसल्या असत्या. मला त्या भिंगाशिवायही दिसत होत्या. मी कव्हर उचललं, बसवलं आणि तिन्ही स्क्रू पिळले. "राहू दे काका," म्हटलं, "आता बघून काय होणार?" हे मी मायेनं म्हटलं असं तिथं सगळ्यांना वाटलं. फोरमननंही मान हलवली. "वय झालं म्हातारबुवा," तो म्हणाला, "व्हायचंच." मालकाला दाखवायला म्हणून तो केबल घेऊन गेला.

दोन दिवसांनी काका मला जिन्यात भेटले. मी खाली उतरत होते, ते वर येत होते. कठडा धरून थांबले. "अगं, तिसरी केबल मी केल्याचं मला काही केल्या आठवत नाही," म्हणाले. "दोन आठवतात. तिसरी तुझ्याच हातात पाहिल्यासारखं वाटतं, पण रिंग माझी. तिसरी मीच केली ना?"

आता सांगायला हवं होतं. त्या सकाळी "मी काय शिकाऊ आहे?" म्हणणाऱ्या बाईला सहा दिवसांनी "हो, शिकाऊच आहे" म्हणता आलं नाही, बाकी काही कारण नाही. मी म्हटलं, "असेल, काका."

असेल. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. पूर्ण खोटं बोलायचीसुद्धा मला हिंमत झाली नाही.

त्यानंतर त्यांनी गन हातात धरली नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी सांगितलं, वयाच्या मानानं उत्तम आहेत. हे ऐकून खूश व्हायचं सोडून काका घाबरले. डोळे ठीक आहेत म्हणजे डोकं गेलं, असं त्यांनी धरलं. मग विसरायच्या आजाराच्या डॉक्टरकडे गेले. त्या बाईंनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं, पाच वस्तूंची नावं विचारली. काकांनी सगळी सांगितली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आज जमलं." घरी गॅस बंद केला का हे ते तीन-तीनदा बघायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. काकूला सुईत दोरा ओवून द्यायचं काम चाळीस वर्षं त्यांचं, तेही सोडलं. मी रोज संध्याकाळी वर जाऊन बसायचे. "होतं असं काका, मनाला लावून घेऊ नका," असं काय काय बोलायचे. खाली समोरचं टेबल रिकामं असायचं. मी कनेक्टर हातात घेऊन "तोंड की पाठ?" असं विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. त्या आठ महिन्यांत माझी एकही केबल चुकली नाही. त्याचीही मला लाज वाटायची.

गेल्या आठवड्यात फोरमन पुन्हा आला. एक मशीन दुसऱ्या भिंतीला हलवायचं होतं, त्याला लांब केबल हवी होती. माप सांगून झालं, तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "एक सांगतो, राग मानू नका. म्हातारबुवांना हात लावू देऊ नका."

"नाही लावणार," मी म्हटलं. इतक्या सहज की मीच दचकले.

वर गेले तर काका पलंगावर पत्र्याचा डबा उघडून बसलेले. चिमटे, कात्र्या, तार सोलायची पक्कड, सगळं पुसून एका रांगेत मांडलेलं. सगळ्यात वर ते भिंग. "शनिवारी तंत्रशाळेचे सर येणार आहेत," म्हणाले. "त्यांना देऊन टाकतो. पोरांच्या तरी उपयोगी पडेल." भिंगाची काच ते पुसत होते. आधी एक बाजू, मग दुसरी, मग पहिली पुन्हा.

मी दारातच उभं राहून सांगितलं. "काका, तिसरी केबल मी केली होती. पिवळी संपली होती म्हणून तुमची निळी घातली. विचारलं नाही. चूक माझी आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा इतकं मोकळं हसले. "तू लहानपणापासून अशीच," म्हणाले. "काकूच्या हातून काचेचं भांडं फुटलं, तर मी फोडलं म्हणून सांगायचीस. जा, काम कर. मी काही लहान मूल नाही."

"काका, खरंच सांगतेय."

"रोजच सांगतेस. रोज वेगळं काहीतरी शोधून आणतेस मला बरं वाटावं म्हणून. मला कळत नाही का?" त्यांनी भिंग कापडात गुंडाळलं. "तुझी असती तर त्याच दिवशी बोलली असतीस. तुला मी ओळखतो."

आठ महिने मी खोट्या मायेचा रतीब घातला होता, आता खरं बोलले तर तेही त्याच मापात गेलं. मी खाली आले. माझ्या मागून काकू उतरली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिनं मला गाठलं.

"खरं बोललीस ना?"

मी मान हलवली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मारलं असतं तर बरं झालं असतं. "त्यांच्या हातातून मी सुरी काढून घेत होते," ती म्हणाली. "आठ महिने. हात कापून घेतील म्हणून." मग पदरानं तोंड पुसलं. "आता बोलू नकोस. बोलणं ऐकून कान किटलेत त्यांचे. दाखव काहीतरी."

मी मोज्यांच्या कारखान्यात गेले. तिसरं मशीन एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं होतं. वर कोणीतरी रिकामे पुठ्ठे रचले होते. फोरमननं मला स्टोअरमध्ये नेलं. केबल खिळ्याला टांगलेली होती आणि तिला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'म्हातारबुवांची कृपा'.

"गंमत आहे हो," फोरमन ओशाळून म्हणाला.

"ही माझी आहे," मी म्हटलं. "त्यांनी हिला हातसुद्धा लावला नव्हता. रिंग त्यांची, काम माझं. त्या दिवशी मी गप्प बसले."

मला वाटलं, तो ओरडेल. पुन्हा काम देणार नाही म्हणेल. तो डोकं खाजवत म्हणाला, "आता काय फरक पडतो? मशीन तर गेलं."

"मला तुमच्याकडून लिहून नको काही. फक्त चिठ्ठी बदला, आणि इथं सगळ्यांना सांगा."

त्यानं चिठ्ठी फाडली. नवी लिहिली नाही. केबल माझ्या हातात देताना माझ्या तोंडाकडे मात्र जरा वेळ पाहिलं, आधी कधी पाहिली नव्हती अशा बाईकडे पाहावं तसं. नवी केबल मीच करायची की नाही, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी काकांना खाली बोलावलं. "नळीचा रंग ओळखायचाय," असं काहीतरी सांगितलं. आठ महिन्यांनी ते आपल्या खुर्चीत बसले, पण टेबलाला हात लावला नाही, हात मांडीवर ठेवले. काकू दारात उभी राहिली. मी केबल त्यांच्यासमोर ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. एक, दोन, तीन. तेच तीन स्क्रू. कव्हर काढलं आणि बाजूला ठेवलं.

काकांनी आधी निळी रिंग पाहिली आणि मान फिरवली. "हे कशाला आणलंस गं पुन्हा?"

मी त्यांचं बोट धरलं आणि तारांच्या जुडीवर ठेवलं.

बोट पहिल्या गाठीवर थांबलं. मग दुसरीवर. मग त्यांनी माझा हात बाजूला केला आणि अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जुडी धरून, वरपासून खालपर्यंत, एक-एक गाठ मोजल्यासारखी चाचपली. अकरा गाठी. सगळ्या डावीकडे. खालून वर पुन्हा गेले. त्यांचा हात जराही थरथरत नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही, मला आणि काकूला दिसलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "मला आठवत नव्हतं, कारण मी केलीच नव्हती."

"हो."

"घड्याळ काढायला लावलं मला त्या बाईनं." ते स्वतःशीच बोलत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिन्यात मी तुला काय विचारलं होतं?"

"तिसरी मीच केली ना, असं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"असेल, म्हणाले."

"नीट सांग."

"असेल, काका. असं म्हणाले."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "केबल काय, मीही जाळल्यात," ते म्हणाले. "तू यायच्या आधी एक अख्खं मशीन जाळलंय मी. मशीनचं नाही काही." पुढचं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि सोडून दिलं. डोळे भरले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. मी टेबलाची कड धरून उभी राहिले, कारण त्यांच्या पायाशी बसायचा मला हक्क नव्हता.

शेवटी त्यांनी केबल माझ्याकडे सरकवली. "गन तापव."

"काका, ही केबल आता कुठंच लागायची नाही. हिचं मशीनच..."

"रंग बदल."

मी माझ्या जागी बसले. गन तापवली. पहिल्या पिनेचं जुनं सोल्डर वितळवलं, तार सोडवली, निळी रिंग ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. काकांनी ती दोन बोटांत उचलली, खिशात टाकली. मी पिवळ्या नळीचा तुकडा कापला, तारेवर ओवला, तार पुन्हा पिनेशी नेली. गन टेकवायची तेवढी राहिली होती.

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "तोंड की पाठ?"

मी गन तशीच अधांतरी धरून थांबले. नियम म्हणजे नियम. रस्त्यावरून एक गाडी गेली, दुसरी गेली. माझा हात भरून आला, तरी मी खाली घेतला नाही. काका नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, ते उठून वर गेले असते तरी मी काही म्हणू शकले नसते.

मग त्यांनी काकूकडे बघून भिंगासाठी हात केला. काकू वर गेली आणि भिंग घेऊन आली. कापडातून काढून काकांनी ते चष्म्यावर लावलं, पुसलं नाही, आणि माझ्या हातातल्या कनेक्टरवर वाकले.

"पाठ," ते म्हणाले.